कणगीतला समुद्र

माझी जीभ लांब हाय, हे सगळ्या गल्लीला ठाऊक हाय. आधीच सांगून ठेवते, मागून कुणी म्हणू नका की चांगुणाबाई मीठमसाला लावून सांगती. माझ्या लेकीची गोष्ट हाय, आन् ती जशी घडली तशी सांगितली तरी माझी छाती फुगती. मीठमसाला कशाला पायजे?

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्सं झाली होती. सिंधुचे बाबा, मारोतराव, उस्मानाबादच्या कचेरीत कारकून होते. जिल्हा वेगळा झाला आन् त्यांची बदली लातूरला झाली. आमच्या मागं कलेक्टर आले, नवी हपीसं आली, हपिसाहपिसावर नव्या पाट्या आल्या. पाणी तेवढं आलं न्हाई. सलग दोन वर्सं पावसानं तोंड दाखवलं न्हवतं, आन् गल्लीत टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. मी पण धरल्या हायत, खोटं कशाला बोलू.

आन् अशा दुष्काळात माझी लेक समुद्राच्या शेवाळावर पीएचडी करून राहिली होती.

नांदेडच्या एका कॉलेजात होती ती. आमच्या घराण्यात एम.एस्सी. झालेली पयली पोरगी. तिच्या आज्यानं छप्पनला धम्म घेतला तवा त्याला सही येत न्हवती, अंगठा उठवायचा. त्याची नात काचेच्या नळ्या घेऊन जंतूंशी भांडत होती. समोरची केवळाबाई मला टोमणे मारायची, "काय वो चांगुणाबाई, प्यायला घोटभर पाणी न्हाई आन् तुमची पोरगी समुद्र धुंडाळायली?" मी म्हणायची, "तुझी पोरगी काय धुंडाळती ते बघ आधी." म्हणलं ना, जीभ लांब हाय.

पण खरं सांगते, मला पण आधी कळत न्हवतं. मी तिला विचारलं, "सिंधु, जगात झाडपाला कमी पडला का? शेवाळच कशाला?"

ती म्हणाली, "माय, शेवाळ रातंदिस पाण्यात असतं. पाण्यात तर जंतूंचा नुसता बाजार भरलेला असतो. तरी ते सडत न्हाई, त्याला कीड लागत न्हाई. म्हणजे त्याच्या अंगात स्वतःला वाचवायचं कायतरी असणार का न्हाई?"

"असंल."

"ते कायतरी काढून घ्यायचं, आन् जखमेत पू करणाऱ्या जंतूवर टाकून बघायचं. जंतू मेला, तर पुढं कधीतरी त्याचं औषध होईल."

हे मात्र माझ्या डोक्यात शिरलं. कारण त्या साली रोजगार हमीच्या खडीवर जाणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या हाताला नाही तर पायाला फोड होता, आन् फोडात पू. माझी नणंद पंचफुलाआक्का पण जायची खडीवर. तिच्या तळपायाची जखम दिवाळीपासून भरत न्हवती.

ही पंचफुलाआक्का लक्षात ठेवा. मारोतरावांची थोरली बहीण. लवकर रंडकी झाली, मूलबाळ न्हाई. रेणापूरच्या अलीकडं आमचं गाव, तिथं मातीच्या घरात एकटीच राहायची. सिंधुवर तिचा माझ्यापेक्षा जास्त जीव. पोरगी शाळेत असताना हिनंच खुरपून खुरपून तिच्या वह्यापुस्तकांचं भागवलं होतं. कामाला एकदम चोख बाई. तिच्या अंगणात काडी दिसायची न्हाई, आन् तिनं साठवलेल्या ज्वारीत किडा दिसायचा न्हाई.

दिवाळीनंतर सिंधु पयल्यांदा रत्नागिरीला गेली. ओहोटीला समुद्र मागं सरकतो, तवा खडकावरचं शेवाळ हातानं खुडायचं असतं म्हणं. हिरवं, तांबडं आन् तपकिरी, अशी तीन जातींची तीन पोती भरून आणली पोरीनं. एसटीत त्या पोत्यांचा असा वास सुटला की कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्यात मेलेलं काय हाय?" सिंधु म्हणाली, "मेलेलं न्हाई, वाचवणारं हाय." कंडक्टरनं पोती टपावर टाकली आन् तिकीट मात्र सामानाचं घेतलंच.

आता ते शेवाळ गोड्या पाण्यानं धुवायचं, मीठ काढायचं आन् लगोलग सावलीत वाळवायचं. वाटेत धुतलं तर सडतं, खारं ठेवलं तर टिकतं, म्हणून तसंच आणलेलं. आमचं लातूरचं घर पत्र्याचं, म्हणजे भट्टीच. सिंधुच्या नांदेडच्या खोलीत पाय ठेवायला जागा न्हाई. मग राहिलं आक्काचं मातीचं घर, थंडगार. तवा गावच्या विहिरीत थोडं पाणी होतं. आक्कानं शेवाळ धुतलं, ओसरीत पसरलं, वाळवलं आन् सिंधुला म्हणाली, "तू जा बिनघोर. तुला लागंल तवा ये, मी सांभाळते."

हिरवं आन् तांबडं सिंधु तवाच घेऊन गेली. तपकिरी सगळ्यात जास्त होतं, ते महिनाभर आक्काकडं राहिलं. मग तिनं ते पण नेलं, दळलं, स्पिरिटात भिजवून त्याचा अर्क काढला.

आन् त्या तपकिरी शेवाळानं कमाल केली.

काचेच्या थाळीत जंतू वाढवलेले असतात. त्यावर अर्कात बुडवलेला टिकलीएवढा कागद ठेवायचा. जंतू मेले तर त्या कागदाभोवती मोकळं रिंगण पडतं. हिरव्याला काही पडलं न्हाई. तांबड्याला पडल्यासारखं वाटलं. तपकिरीला पडलं ते बंद्या रुपयाएवढं! सिंधुचे सर, रेवणसिद्ध सर, ते तर खुर्चीवरून उठून उभे राहिले म्हणं. म्हणाले, एवढं कुणाचं पडलेलं मी बघितलं न्हाई.

माघ महिन्यात नांदेडला मोठी परिषद होती. गोव्याच्या समुद्राच्या संस्थेतले एक थोर शास्त्रज्ञ येणार होते. त्यांच्याकडं एक जागा होती, शेवाळातून औषध शोधायच्या कामावर. सरांनी सिंधुला सांगितलं, "तुझं हे रिंगण त्यांच्यासमोर ठेव. जागा तुझीच समज."

मग काय विचारता! मी टँकरच्या रांगेत उभी राहून सांगितलं, दळणाच्या गिरणीत सांगितलं, कचेरीच्या शिपायाला सांगितलं. माझी लेक गोव्याला चालली! माझ्या लेकीनं औषध शोधलं! सिंधु लाजून म्हणायची, "माय, औषध न्हाई गं, नुसता माग लागलाय." मी म्हणायची, "माग लागला म्हणजे चोर सापडलाच." केवळाबाईचं तोंड कारल्यासारखं झालं होतं, ते बघून मला रोजच्या जेवणात दोन घास जास्त जायचे.

परिषदेच्या आधीच्या रविवारी आमच्या विहारात सिंधुचा सत्कार ठेवला. बुद्धवंदना झाली, पुष्पहार झाला, शाल झाली. पंचफुलाआक्का गावाकडून लंगडत लंगडत आली होती. सगळे सिंधुचं कौतुक करून राहिले होते, आन् आक्का कोपऱ्यात बसून ऐकत होती. शेवटी तिला राहवलं न्हाई. उठली, पदर खोचला आन् म्हणाली, "पोरीनं नाव काढलं ते खरं हाय. पण थोडं माझं पण हाय हां त्याच्यात!"

लोक हासले. मी म्हणलं, "तुमचं काय, आक्का?"

"माझं काय? महिनाभर ते गवत माझ्या कणगीत राहिलं. एक तरी किडा लागला का? ज्वारीला घालते तसाच कडू लिंबाचा पाला घातला मी त्याच्यात. एक थर गवत, एक थर पाला. आन् सिंधु न्यायला येणार म्हणलं तवा एकेक पान निवडून काढलं. पोरीच्या मालात कचरा दिसू न्हाई म्हणून."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विहारात बसलेल्या एका पण माणसाला त्यात काही वावगं वाटलं न्हाई. कसं वाटंल? धान्य साठवायचं तर लिंबाचा पाला घालायचा, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला पण ठाऊक असतं.

माझी नजर सिंधुवर गेली. शाल खांद्यावर तशीच, पण पोरीच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "पाला वाळलेला होता?"

"हाव, वाळून खडखडीत झाला होता. हात लावला की चुरा व्हायचा. पण मी सगळा पाखडला बाई."

सिंधु खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. मी जवळ गेले, तर माझ्या कानात म्हणाली, "माय, लिंब पण जंतू मारतो. ते रिंगण लिंबाचं असंल."

घरी आल्यावर माझा तोंडाचा पट्टा सुटला. "कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? ज्वारी होती का ती? आमच्या पोरीच्या जिंदगीत पाला घातलात तुम्ही!" पयल्यांदा आक्काला कळलंच न्हाई काय झालं. मग सिंधुनं समजावून सांगितलं. तवा ती बाई अशी बसली, अशी बसली, की भिंत हालंल, पण ती हालंना. न जेवता संध्याकाळच्या गाडीनं गावी निघून गेली. मी थांब म्हणलं न्हाई. तिच्याशी बोलायचंच न्हाई असं ठरवलं मी.

मारोतराव गरीब स्वभावाचे. वर मान करून कुणाला बोलायचे न्हाईत. ते म्हणाले, "सिंधु, पाला निवडला म्हणतीय ना आक्का? चुरा किती राहिला असंल? चिमूटभर. कशाला सांगती कुणाला?"

सिंधु म्हणाली, "किती राहिला ते मला ठाऊक न्हाई, बाबा. चिमूटभर असंल न्हाई तर मूठभर. ठाऊक न्हाई, तेच तर वांधं हाय."

"सर काय म्हणतात?"

सर काय म्हणाले ते तिनं दुसऱ्या दिवशी नांदेडहून येऊन सांगितलं. सर डोकं धरून बसले होते. मग म्हणाले, "हे बघ, त्या लिंबाचा अर्थ आपल्या दोघांनाच कळलाय. परिषद चार दिवसांवर आली, नवीन शेवाळ आणून पुन्हा करायला वेळ न्हाई. ही जागा गेली तर पुन्हा कधी निघंल सांगता येत न्हाई. तुझं तू ठरव." वाईट माणूस न्हवता तो. आपल्या पोरीचं भलं व्हावं असं कुणाला वाटत न्हाई?

रात्रभर पोरगी ह्या कुशीवरून त्या कुशीवर. मी पण जागीच. सकाळी चहा देताना मी म्हणलं, "काय ठरवलं?"

"सांगणार हाय."

गोवा गेला. गल्लीत मी काय तोंड दाखवू? केवळाबाई आता नाचंल. हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं, माणूसच हाय मी. पण पोरीकडं बघितलं, तर डोळे सुजलेले आन् मान ताठ.

ती म्हणाली, "माय, उद्या कुणी ह्या शेवाळाच्या मागं लागून औषध करायला बसंल. वर्सं घालवंल. आन् ते फोडावर लावल्यावर पू थांबणार न्हाई. मग आत्यासारखी बाई काय म्हणंल?"

मी म्हणलं, "मी येते तुझ्याबरोबर. एकटी जाऊ नको."

परिषदेच्या दिवशी धुतलेलं पांढरं लुगडं नेसून मी नांदेडच्या त्या हालमध्ये शेवटच्या रांगेत जाऊन बसले. सगळे शिकलेले, सूटबूट, गळ्यात बिल्ले. पुढं मधोमध गोव्याचे साहेब, केस पांढरे, डोळ्यावर जाड भिंगं. सिंधुचं नाव पुकारलं. ती उभी राहिली आन् आधी इंग्रजीत काहीतरी बोलली. मला शब्द कळले न्हाईत, पण आवाज कापत होता ते कळलं. मग मराठीत म्हणाली, "तपकिरी शेवाळाचा मोठा निकाल मी आज मांडणार होते. तो मी मागं घेत हाय. साठवताना त्यात कडुलिंबाचा पाला मिसळला होता, हे मला नंतर कळलं. ते रिंगण शेवाळाचं का लिंबाचं, हे मी सांगू शकत न्हाई."

कुणीतरी लगेच विचारलं, "पाला कसा काय मिसळला?"

"आमच्या आत्यानं कणगीत ठेवलं होतं. ज्वारीला घालतात तसा पाला घातला."

आन् हाल हासला. आधी एक, मग दोन, मग सगळाच. एकजण ओरडून म्हणाला, "मग मॅडम, लिंबावरच पीएचडी करा! रत्नागिरीचं भाडं वाचंल!" अजून हासले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून उभी राहिले, कशी राहिले मला ठाऊक न्हाई.

"हासायला काय झालं वो?" मी म्हणलं. "तुम्ही काय आभाळातून पडलात का सगळे? तुमच्या घरी कणगी न्हवती? तुमच्या मायनं ज्वारीत पाला घातला न्हाई? त्याच पाल्यातली ज्वारी खाऊन शिकलात ना? माझ्या पोरीला गप बसता आलं असतं. तिच्या सरांशिवाय इथल्या कुणाच्या बापाला कळलं न्हवतं. तरी तिनं सांगितलं. तुमच्यातल्या कुणी सांगितलं असतं, त्यानं हासावं!"

सिंधु तिकडून म्हणून राहिली होती, "माय, बस, माय, बस." आता बसून काय? बोलायचं ते बोलून झालं होतं. हासणं मात्र थांबलं. लाज वाटली असंल, कारण तिथले निम्मे तरी औसा, नायगाव, धर्माबादकडच्या शेतकऱ्यांचीच पोरं होती. कणगी न बघितलेलं त्यांच्यात कोण होतं?

गोव्याचे साहेब मागं वळले, माझ्याकडं बघून हात जोडले आन् म्हणाले, "ताई, बसा. मला त्यांचं पुढचं ऐकायचंय." मग सिंधुला म्हणाले, "हिरव्याचं आणि तांबड्याचं सांगा. त्यात पाला नव्हता ना?"

"न्हवता."

"मग ते सांगा."

आन् माझी पोरगी बोलली. आवाज कापायचा थांबला. हिरव्यानं काही केलं न्हाई, असं तिनं मोकळेपणानं सांगितलं. तांबड्यानं थोडं केलं, तेही सांगितलं. लोक लिहून घेऊन राहिले होते. जिनं आपलंच खोटं पडलेलं आधी सांगितलं, तिच्या बाकीच्या शब्दावर कोण शंका घेईल? मी मागं बसून रडत होते, आन् ते रडणं लाजेचं न्हवतं. इमान काय असतं ते आम्ही लोकांना सांगतो. माझ्या पोटच्या गोळ्यानं ते भरल्या हालमध्ये करून दाखवलं.

नंतर साहेब तिच्याशी उभ्याउभ्या बोलले. म्हणाले, "तपकिरी पुन्हा करा. जागा मी मे महिन्यात भरणार आहे. तोवर स्वच्छ मालावर रिंगण मिळालं तर तुम्ही या. नाही मिळालं तर ती जागा दुसऱ्याची. माझ्या हातात तेवढंच आहे." सरळ माणूस. मला आवडलं त्याचं बोलणं.

सिंधु पुन्हा रत्नागिरीला गेली. पुन्हा पोतं भरून आणलं. पण आता होळी होऊन गेली होती, गावच्या विहिरीत दगड दिसत होते. टँकर यायचा, माणशी मोजून पाणी मिळायचं. शेवाळ धुवायला दोन-तीन पाणी लागतात. आन् ते धुतलेलं पाणी खारट, ढोरं पण तोंड लावत न्हाईत.

सिंधु पोतं पुढं घेऊन आमच्या दारात बसली. "माय, माणसं तहानलेली असताना मी शेवाळ कशी धुऊ? माझ्यानं होत न्हाई."

तेवढ्यात पंचफुलाआक्का दारात. कुणी बोलावलं न्हवतं. मारोतरावांनी कुणाच्या तरी हाती निरोप धाडला होता, माझ्या मागं. माझ्याकडं बघितलंच न्हाई तिनं. सिंधुला म्हणाली, "उचल ते पोतं. माझ्याच घरी वाळणार ते."

सिंधु म्हणाली, "आत्या, पाणी कुठून आणणार?"

"ते मी बघते. तू फक्त सांग, काय घालायचं आन् काय घालायचं न्हाई."

"काहीच घालायचं न्हाई. पाला न्हाई, राख न्हाई. कणगीत पण न्हाई. स्वच्छ धुतलेल्या कापडावर."

"हाव. काहीच न्हाई."

गेली घेऊन. मी तोंड फिरवून बसले होते. पण मन लागंना. चार-पाच दिवसांनी मीच एक पाण्याची कॅन भरून एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "बाई, लातूरहून पाणी बाहेर नेणारी तुम्हीच पयली." मी म्हणलं, "तू गाडी हाण."

आक्काच्या घरी गेले आन् थबकले. ओसरीत पांढरं धोतर अंथरलेलं, तिच्या मेलेल्या नवऱ्याचं, पेटीत जपून ठेवलेलं. त्यावर धुऊन पसरलेलं शेवाळ, एकेक फांदी सुटी. आन् आक्का? केस चिकटलेले, लुगडं मळून काळं झालेलं, ओठ फुटलेले. ह्या बाईनं अंघोळ सोडली होती. लुगडं धुवायचं सोडलं होतं. तिच्या वाट्याला आलेलं पाणी, प्यायला जेवढं कमीत कमी लागंल तेवढं ठेवून, सगळं त्या शेवाळावर ओतलं होतं. तिच्या अंगणात काडी दिसली तर तिला झोप यायची न्हाई, हे मी तुम्हाला सांगितलं. ती बाई अशी बसली होती.

"आक्का, खुळ्या झालात का वो?" मी ओरडले. "मरायचंय का?"

ती म्हणाली, "चांगुणा, माझ्यानं पोरीचं वाटोळं झालं. पाण्यावाचून माणूस एवढ्या लवकर मरत न्हाई."

माझा राग कुठं गेला मला कळलं न्हाई. मी कॅन उघडली, तिला बसवली आन् तिची मान मांडीवर घेऊन केस धुतले. दोघी रडत होतो. ती म्हणाली, "हे पाणी शेवाळाला लागंल गं." मी म्हणलं, "गप बसा. शेवाळाचं झालं, आता तुमचं." पायाच्या जखमेवरची पट्टी पण बदलली. अजून पू होताच.

शेवाळ वाळलं. सिंधुनं स्वतः येऊन नेलं, नव्या पिशवीत बांधून. ह्या वेळी तिनं तीन थाळ्या मांडल्या. एकीत नुसतं शेवाळ, दुसरीत नुसता लिंब, तिसरीत दोन्ही. म्हणजे कुणाचं काय, ते वेगळं दिसावं. आन् थाळ्या उघडायच्या दिवशी तिनं आम्हाला नांदेडला बोलावलं. मला, बाबांना आन् आक्काला. मी म्हणलं, "काही न्हाई निघालं तर?" ती म्हणाली, "तर न्हाई निघालं म्हणून तुमच्यासमोरच कळंल."

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, स्पिरिटचा वास. रेवणसिद्ध सर खिडकीपाशी उभे, नखं खात. सिंधुनं पयली थाळी बाहेर काढली, उजेडाकडं धरली. मारोतरावांनी माझा हात धरला, लोकांदेखत, लगीन झाल्यापासून पयल्यांदा.

"हाय," सिंधु म्हणाली.

रिंगण होतं. पण बंद्या रुपयाएवढं न्हवतं. चार आण्याच्या नाण्याएवढं पण जेमतेम. दुसऱ्या थाळीत लिंबाचं त्याच्यापेक्षा मोठं होतं, आन् तिसरीत दोन्हीचं सगळ्यात मोठं, अगदी पयल्या वेळेसारखं. सर पुढं आले, पट्टीनं मोजलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाले, "लहान हाय. पण शेवाळाचं हाय, शंभर टक्के. मी आजच गोव्याला तार करतो." आन् चष्मा पुसत बाहेर गेले.

मारोतराव तर भिंतीकडं तोंड करून उभे. मी सिंधुच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कडाकडा मोडली. लहान तर लहान! त्या मोठ्या रिंगणावर मी सगळ्या लातूरभर नाचले होते, तरी त्या दिवशी एवढा आनंद झाला न्हवता. हे माझ्या पोरीचं होतं. कुणी कितीदा पण करून बघावं, असंच निघणार होतं.

पंचफुलाआक्का मात्र दारातच उभी होती. आत यायला तयार न्हाई, कशाला हात लागंल म्हणून दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. सिंधु थाळी घेऊन तिच्यापाशी गेली. आक्कानं लांबूनच बघितलं. त्या लहानशा रिंगणाकडं लई वेळ बघत राहिली.

मग भीत भीत म्हणाली, "सिंधु, ह्यात माझं काही न्हाई ना गेलं? खरं सांग. ह्यात माझं काहीच न्हाई ना?"

"हाय की, आत्या," सिंधु म्हणाली. "ह्यात तुमचं पाणी हाय."